मोटारदुरुस्तीतील लबाडी आणि हलगर्जी : निदान, दाम आणि दाद

मोटारदुरुस्तीविषयीच्या बहुतेक तक्रारी फसवणुकीच्या म्हणून मांडल्या जातात. प्रत्यक्षात त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. न बदललेल्या भागाचे पैसे घेणे, चांगला भाग निकामी ठरवून काढणे किंवा कंपनीच्या खोक्यातून नकली माल देणे ही उघड लबाडी होय. चाकाचे नट पुरेसे न आवळणे, ब्रेकच्या नळीतील हवा नीट न काढणे, एका बिघाडासाठी उघडलेली यंत्रणा जोडताना दुसरा बिघाड करून ठेवणे ही हलगर्जी होय. तिसरा प्रकार निदानातील चुकीचा: कारागिराने मनापासून एक कारण धरले, त्याप्रमाणे खर्च करायला लावला आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहिला. मालकाच्या दृष्टीने तिन्हींचा शेवट सारखाच असतो, कारण पैसे गेलेले असतात आणि गाडी दुरुस्त झालेली नसते. परंतु तिन्हींची मुळे वेगळी आहेत आणि त्यांतील कोणता प्रकार घडला हे सिद्ध करण्याची वाटही वेगळी आहे.

या व्यवहारात ग्राहक इतका दुबळा का पडतो, याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग कल्पिले होते: ज्यांचा दर्जा घेण्यापूर्वी पारखता येतो अशा, आणि ज्यांचा दर्जा वापरल्यावरच कळतो अशा. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यांत तिसऱ्या वर्गाची भर घातली. या वर्गातील सेवा घेऊन झाल्यावरही तिची खरोखर गरज होती की नाही हे घेणाऱ्याला सहसा कळत नाही आणि त्याला देणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते, म्हणून तिला विश्वासाधारित सेवा म्हणता येईल. वैद्यकीय उपचारांबरोबर मोटारदुरुस्ती हे तिचे नेहमीचे उदाहरण आहे. गाडी गॅरेजमधून चालू स्थितीत बाहेर पडली की मालकाला ती चालते एवढेच समजते; ती एक सैल तार घट्ट केल्याने चालू झाली की बिलात लिहिलेल्या नव्या सेन्सरमुळे, हे त्याला समजण्याचा मार्ग नसतो. त्यातच निदान करणारा आणि त्या निदानावरून माल व मजुरी विकणारा माणूस एकच असतो, कारण गाडी उघडून पाहायची एकाने आणि जोडायची दुसऱ्याने हे खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की चांगले आणि वाईट यांतील फरक गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर चांगल्याला त्याचा दाम मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून मागे सरतो. दोन तास खर्चून नेमका दोष शोधणारा मिस्त्री आणि अंदाजाने भाग बदलणारा मिस्त्री यांच्या स्पर्धेतही नेमके हेच घडते.

या समजुतीची प्रत्यक्ष तपासणी करण्याचे प्रयत्न प्रामुख्याने अमेरिकेत झाले. १९४१ साली ‘रीडर्स डायजेस्ट’साठी रॉजर रीस आणि जॉन पॅट्रिक यांनी इंजिनाच्या कॉइलची एक तार मुद्दाम काढून ठेवून गाडी ३४७ गॅरेजांना दाखवली, आणि त्यांपैकी २१८ ठिकाणी, म्हणजे सुमारे ६३ टक्के ठिकाणी, आपल्याला लुबाडण्याचा प्रयत्न झाला असा निष्कर्ष काढला. ही पत्रकारी चाचणी होती आणि लुबाडणे कशाला म्हणायचे याचा निवाडाही चाचणी करणाऱ्यांनीच केला होता, त्यामुळे तो आकडा जपून वापरावा हे बरे. हेन्री श्नायडर यांचा कनेटिकट राज्यातील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अधिक काटेकोर होता. ठरावीक दोष असलेली गाडी त्यांनी अनेक गॅरेजांत नेली, तेव्हा अनावश्यक काम सुचवणारी गॅरेजे आढळलीच, पण डोळ्यांसमोरचे खरे दोष नजरेतून सुटण्याचे प्रमाण त्याहून बरेच मोठे निघाले. शिवाय आपण पुढेही येत राहणारे गिऱ्हाईक आहोत असे भासवल्याने कामाचा दर्जा सुधारला असेही दिसले नाही. लबाडीवर सगळे लक्ष एकवटणाऱ्या ग्राहकाला हलगर्जीचे पारडे जड असल्याचे हे निरीक्षण अनपेक्षित वाटेल, परंतु दाद मागण्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो निदानाच्या किमतीचा आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली हेल्पर पाने पुढे करता करता शिकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध असला, तरी गॅरेज उघडण्यासाठी त्या प्रमाणपत्राची अट नाही. अशा गॅरेजचे गिऱ्हाईक भागाचे पैसे देते, डोक्याचे देत नाही. गाडी मधेच बंद पडण्याचे कारण अर्धा दिवस शोधून गंजलेले एक कनेक्शन साफ केले आणि त्याचे हजार रुपये मागितले तर ‘तार पुसायचे हजार?’ असा वाद होतो, पण चार हजारांचा भाग बसवून त्याची पावती पुढे ठेवली तर ते पैसे फारशी कुरकुर न होता मिळतात. सुट्या भागांचा दुकानदार छापील किमतीवर गॅरेजला सूट देतो आणि ती सूट गॅरेजच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा असते. मजुरी मुद्दाम कमी सांगायची आणि खरी कमाई भागांतून काढायची ही रीत त्यातूनच रुजली. परिणाम असा की दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे कारागिराच्या फायद्याचे ठरते, आणि मालकाने भाग स्वतः आणून दिला तर कारागीर कामाची हमी नाकारतो, कारण त्याच्या लेखी त्या कामातील त्याचा मोबदलाच काढून घेतलेला असतो. ही लबाडीची सफाई नव्हे. पण जिथे निदानाला उघड दाम नाही तिथे तो दाम दुसऱ्या कोणत्या तरी ओळीत लपणार, आणि लपलेल्या दामावर कोणाचेच नियंत्रण राहणार नाही.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये छापील दरपत्रक असते, संगणकावर निघालेले बिल असते आणि प्रशिक्षित कारागीर असतात, तरीही प्रलोभन तिथे निराळ्या दाराने शिरते. नव्या गाडीच्या विक्रीत वितरकाचा नफा तुटपुंजा राहिल्याने त्याचा बराच भार वर्कशॉपच्या उत्पन्नावर येतो, आणि ग्राहकाशी बोलणारा सर्व्हिस ॲडव्हायजर हा अनेकदा कारागीर नसून ठरावीक उद्दिष्ट गाठायचे असलेला विक्रेताच असतो. इंजिन डीकार्बोनायझेशन, म्हणजे इंजिनात साठलेली काजळी रसायनाने काढणे, इंधनात वा तेलात घालायची निरनिराळी द्रव्ये, वातानुकूलन यंत्रणेचे निर्जंतुकीकरण, टेफ्लॉनचा लेप, दर वेळी व्हील अलाइनमेंट अशा कामांची यादी नियमित सर्व्हिसिंगच्या बिलात अलगद वाढत जाते. यांतील प्रत्येक काम निरर्थक असते असे नाही. परंतु कोणते काम किती किलोमीटरनंतर करायचे याचे वेळापत्रक गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते आणि त्यात नसलेल्या कामासाठी गाडीच्या विशिष्ट स्थितीतून निघणारे कारण सांगता आले पाहिजे. उद्दिष्टांवर आधारलेल्या मोबदल्याचा परिणाम काय होतो हे १९९२ मध्ये अमेरिकेत दिसले: सीअर्स या कंपनीची दुरुस्ती केंद्रे अनावश्यक कामे करतात असा आरोप कॅलिफोर्नियाच्या नियामक विभागाने गुप्त तपासणीच्या आधारे केला, तेव्हा कंपनीला आपल्या प्रोत्साहन-वेतनपद्धतीमुळे चुका घडल्याचे मान्य करून ती पद्धत थांबवावी लागली.

सदोष निदानाचे सर्वांत परिचित उदाहरण वातानुकूलन यंत्रणेचे आहे. या यंत्रणेतील वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो, तो इंधनासारखा जळून संपत नाही. त्यामुळे गाडी थंड होईनाशी झाली आणि वायू कमी आढळला, तर तो कुठून गळतो हे शोधणे हीच दुरुस्ती असते. वर्षानुवर्षांच्या किंचित झिरपण्याचा अपवाद सोडला तर नुसता ‘गॅस भरून’ दिलेली गाडी पुढच्या उन्हाळ्यापूर्वीच परत येते आणि तेवढेच पैसे पुन्हा आकारले जातात. संगणकीय निदानाने हा दोष आपोआप दूर होईल अशी अपेक्षा होती, पण ती अर्धीच पुरी झाली. आधुनिक गाडीतील नियंत्रक बिघाडाचा सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो आणि स्कॅनर जोडला की तो वाचता येतो; मात्र तो क्रमांक लक्षण सांगतो, दोषी भागाचे नाव सांगत नाही. पी ०४२० हा क्रमांक धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे दर्शवतो. तेवढ्यावरून तो महागडा कन्व्हर्टरच बदलण्याचा सल्ला दिला जातो, परंतु तोच क्रमांक ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यामुळे किंवा धुराच्या नळीला गळती असल्यामुळेही उमटू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर गाड्यांतील सेन्सरांची संख्या आणि गुंतागुंत वाढली, आणि ‘बदलून पाहू’ या पद्धतीचा खर्चही त्या प्रमाणात वाढला.

सुट्या भागांच्या बाबतीत अस्सल आणि नकली असे दोनच वर्ग मानण्याची सवय आहे, ती दिशाभूल करणारी आहे. गाडीच्या कंपनीच्या वेष्टनात येणारा भाग बहुधा दुसऱ्याच कारखान्याने बनवलेला असतो. तोच कारखाना तोच भाग स्वतःच्या नावाने कमी किमतीत विकत असेल तर तो निकृष्ट नव्हे. तिसरा वर्ग स्वतंत्र उत्पादकांचा, ज्यांत उत्तम ते टाकाऊ अशा सर्व प्रती आढळतात. दुसऱ्याचे बोधचिन्ह छापून विकला जाणारा नकली माल हा खरा गुन्ह्याचा वर्ग असून व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०३ नुसार त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ किंवा दिल्लीत काश्मिरी गेट येथील बाजारांत हे सगळे वर्ग शेजारी शेजारी नांदतात, आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणी मोडीत निघालेल्या गाड्यांचे वापरलेले भाग मिळतात. जुन्या गाडीला वापरलेला दरवाजा बसवणे शहाणपणाचेही असू शकते. आक्षेप आहे तो नव्याच्या दराने जुने आणि कंपनीच्या दराने लोकल बसवण्याला. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक असल्याने रिकामे खोके मागून घेण्याची सवय वाटते त्याहून उपयोगी आहे. इंजिन ऑइलचा रिकामा डबा मात्र भोसकून टाकलेला बरा, कारण धडधाकट डबे भंगारातून पुन्हा भरण्यासाठी जातात.

अस्सल भाग सर्वत्र सहज मिळत असते तर नकलीचा बाजार इतका फोफावला असता का, हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगासमोर वेगळ्या रूपात आला. २०११ मध्ये तीन मोटार कंपन्यांविरुद्ध दाखल झालेल्या तक्रारीची व्याप्ती चौकशीत वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती अधिकृत जाळ्याबाहेर जाऊ देत नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केली तर हमी रद्द होईल अशी भीती घालतात, हे वर्तन स्पर्धाविरोधी असल्याचे आयोगाने म्हटले. विचारांची दिशा येथे महत्त्वाची आहे: गाडी एकदा घेतली की मालक त्या कंपनीच्या भागांशी बांधला जातो, म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या भागांच्या बाजारात मक्तेदार ठरते, मग नव्या गाड्यांच्या बाजारात कितीही स्पर्धा असो. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण पुढे न्यायालयीन वाटेने लांबले. निदानाची साधने न मिळालेला स्वतंत्र मेकॅनिक अंदाजाने काम करतो आणि त्याच्या चुकांकडे बोट दाखवून अधिकृत केंद्र आपले दर समर्थनीय ठरवते, या दुष्टचक्राचे इतके स्पष्ट वर्णन भारतात अन्य कोणत्याही सरकारी दस्तऐवजात क्वचितच आढळेल.

विम्याच्या दुरुस्तीत मालक हा केवळ बळी असतो असे म्हणता येत नाही. अपघाताच्या दाव्यात जुना ओरखडाही ‘क्लेममध्ये बसवून देतो’ असे गॅरेज सांगते आणि मालक होकार देतो. ज्याची पुट्टी-रंगावर दुरुस्ती झाली असती तो बंपर बदलला जातो आणि सर्वेक्षकाच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या परवानाधारकाच्या, नजरेसाठी एखादा भाग मुद्दाम अधिक मोडला जातो. हा व्यवहार फुकटचा नसतो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, मालकाच्या माथी येते. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाणारी सवलत गमावली जाते. पुढे त्याच गॅरेजने निकृष्ट काम केले तर मालकाच्या तक्रारीला धार उरत नाही, कारण फुगवलेल्या दाव्यावर त्याचीच सही असते.

उपायांचा विचार करताना ग्राहकाने यंत्रशास्त्र शिकावे असा सल्ला वारंवार दिला जातो. तो फारसा व्यवहार्य नाही, आणि मिस्त्रीपुढे अर्धवट ज्ञान मिरवणारे गिऱ्हाईक उलट लवकर ओळखले जाते. त्यापेक्षा कागद अधिक काम करतो. गाडी ताब्यात देताना भरले जाणारे जॉब कार्ड हे या व्यवहाराचे मूळ दस्त असते. त्यात किलोमीटर, इंधनाची पातळी आणि आधीचे ओरखडे यांबरोबर तक्रारीचे लक्षण मालकाच्या शब्दांत उतरले पाहिजे. ‘क्लच प्लेट बदलणे’ असे लिहिले की क्लच प्लेट बदलली एवढ्यावर गॅरेजची जबाबदारी संपते. ‘चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही’ असे लिहिले तर ते लक्षण नाहीसे करणे हे काम ठरते. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे वाद झाल्यास सगळा निकाल त्यावर फिरू शकतो. लेखी एस्टिमेट, अंदाजाच्या वर खर्च जाणार असल्यास आधी विचारण्याची अट आणि काढलेले जुने भाग परत मिळण्याची अट या तीन गोष्टी कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने गॅरेजवर बंधनकारक झाल्या. भारतात दुरुस्ती व्यवसायासाठी तसा स्वतंत्र कायदा नसल्याने त्या अटी ग्राहकाला जॉब कार्डावर स्वतः लिहून घ्याव्या लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश आणि त्याला आलेला होकार हाही आता पुराव्याच्या कामी येतो.

बिलाविषयी एक गैरसमज टिकून आहे. ‘पक्के बिल हवे तर १८ टक्के जादा’ हे वाक्य ऐकून मालक कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो आणि तिथेच आपला पुरावा विकतो. दुरुस्तीसेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरही तोच दर लागू आहे. परंतु नोंदणीसाठीच्या उलाढाल-मर्यादेखालील छोट्या गॅरेजला कर आकारण्याचा अधिकारच नसतो आणि बिल देण्याला मात्र त्यामुळे कोणतीही आडकाठी येत नाही. कर घेतला असेल तर बिलावर पंधरा अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक हवा; महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने आणि गोव्यातील ३० ने सुरू होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार बिल न देणे ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष सेवेचे पैसे बिलात ठरलेल्या मुदतीत, किंवा मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे हीसुद्धा.

याच कायद्यात ग्राहकाच्या हाती असलेले सर्वांत मोलाचे साधन सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत आहे. कलम २(११) मध्ये सेवेच्या दर्जातील वा पद्धतीतील कोणताही दोष, उणीव किंवा अपुरेपणा त्रुटी ठरतो. निष्काळजीपणा आणि आवश्यक माहिती हेतुतः दडवणे यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गॅरेजवाल्याच्या मनात काय होते हे शोधण्याची गरज राहत नाही. जो ग्राहक ‘मला लुबाडले’ असे म्हणतो तो लबाडीचा हेतू सिद्ध करण्याचे ओझे विनाकारण डोक्यावर घेतो, आणि जो ‘हे काम ठरले होते, ते झाले नाही’ एवढेच म्हणतो त्याची वाट सोपी होते. भारतीय न्याय संहितेतील फसवणूक किंवा विश्वासघात या गुन्ह्यांची फिर्याद देण्याचा मार्ग खुला असला, तरी त्यासाठी हेतू लागतो आणि पोलीस असे प्रकरण बहुधा दिवाणी म्हणून परत पाठवतात; गाडीतून काढून घेतलेला चांगला भाग किंवा परत न मिळणारी गाडी अशा उघड घटनांपुरताच तो मार्ग खरा उपयोगी आहे. टॅक्सीचा मालक स्वतः गाडी चालवून पोट भरत असेल तर तोही या कायद्याच्या अर्थाने ग्राहक असतो. व्यापारी हेतूने गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याला मात्र येथे दाद मागता येत नाही.

तरीही त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावरच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. मोटारीच्या प्रकरणांत अनेक तक्रारी येथेच कोसळतात, आणि कोसळण्याची पद्धतही ठरलेली असते: पहिल्या गॅरेजवर चिडून मालक गाडी दुसरीकडे नेतो, दुसरा मिस्त्री ‘त्याने वाट लावली’ असे तोंडी सांगून सगळे उघडतो, दुरुस्त करतो, आणि पहिल्याच्या चुकीचा एकमेव साक्षीदार असलेला तो सदोष जोड त्या दुरुस्तीतच नष्ट होतो. दुसऱ्या कारागिराकडून गाडी उघडण्यापूर्वीचे आणि उघडताना घेतलेले छायाचित्रण, त्याचे लेखी सहीचे मत आणि काढलेला भाग जपून ठेवणे हे त्यासाठी आवश्यक आहे. पहिल्या गॅरेजला तपासणीची तारीख आधी लेखी कळवली असेल तर त्याला नंतर पाठीमागून केलेल्या तपासणीचा बहाणा उरत नाही. तज्ज्ञ म्हणून उभा राहायला मात्र एक मिस्त्री दुसऱ्याविरुद्ध सहसा तयार होत नाही. अधिकृत केंद्रे तर आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या केंद्राविषयी अवाक्षर लिहीत नाहीत. अशा वेळी परवानाधारक सर्वेक्षक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील ऑटोमोबाईल विभाग यांचे मत घेण्याची सोय शोधावी लागते.

गाडी गॅरेजच्या ताब्यात असतानाच्या जबाबदारीवर १८७२ चा भारतीय करार कायदा आजही पुरेसा बोलतो. विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याकडे सोपवणे आणि काम झाल्यावर ती परत घेणे या व्यवहाराला तो निक्षेप मानतो आणि वस्तू ठेवून घेणाऱ्याने ती सामान्य शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू जपावी तशी जपली पाहिजे असे सांगतो. ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ या पाटीने ती जबाबदारी सहजासहजी झटकता येत नाही: हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या गाडीविषयीच्या ताजमहाल हॉटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच तत्त्व मांडले. दुसऱ्या बाजूने, कलम १७० नुसार वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क आहे. वादग्रस्त बिलापोटी गाडी अडवणारे गॅरेज म्हणूनच नेहमी बेकायदा वागत असते असे नाही; पण तो हक्क काम ठरल्याप्रमाणे आणि वेळेत केल्यावरच उभा राहतो, आणि तोही त्याच कामाच्या मोबदल्यापुरता. या कलमाखाली कायद्याने दिलेले उदाहरण मोठे बोलके आहे: कोट शिवून होताच देण्याचे आणि पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केलेल्या शिंप्याला तो कोट अडवता येत नाही. गाडीची निकड असलेल्या मालकाने हक्क राखून रक्कम देत असल्याचे बिलावर लिहून गाडी सोडवून घ्यावी आणि वाद नंतर चालवावा, हा मार्ग त्यामुळे अनेकदा सुज्ञपणाचा ठरतो. निकृष्ट कामामुळे अपघात होऊन इजा झाली तर प्रश्न बिलापलीकडे जातो, कारण २०१९ च्या कायद्यातील उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात, कलम ८५ मध्ये, वस्तूची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्यालाही सदोष सेवेने झालेल्या हानीसाठी जबाबदार धरले आहे. ब्रेकचे काम करणाऱ्या गॅरेजांना या तरतुदीची अजून पुरती जाणीव झालेली दिसत नाही.

दाद मागण्याची यंत्रणा कागदावर सुबक आहे. १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार संबंधित कंपनीकडे पाठवते. नामांकित कंपनीच्या केंद्राविरुद्ध तिचा उपयोग होतो, गल्लीतल्या गॅरेजविरुद्ध फारसा होत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जातात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार राहत्या ठिकाणच्या आयोगात करता येते आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रिक्त पदे आणि तहकुबी यांमुळे ते क्वचितच घडते. पाच-सात हजारांच्या बिलासाठी दोन-तीन वर्षे तारखा कोण करणार, या हिशेबावरच निकृष्ट काम तगून राहते. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत यांनी नोटीस लिहिण्यापासून तडजोडीपर्यंतची मदत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली हे खरे. पण वाणसामानाच्या सामूहिक खरेदीत या चळवळीने जी ताकद दाखवली ती दुरुस्तीसेवेकडे वळलेली नाही. एका गृहनिर्माण संस्थेतील पन्नास गाड्यांच्या मालकांनी मिळून एका गॅरेजशी निदानाचे शुल्क, मजुरीचे दर आणि कामाची हमी लेखी ठरवून घेतली तर एकेकट्याला न मिळणारी वागणूक मिळू शकते, आणि निदानाला उघड दाम मिळाल्याने भागांतून कमाई काढण्याची कारागिराची गरजही कमी होईल.

नियमनाच्या अंगाने भारतात काम सुरू झाले आहे ते दुरुस्तीच्या हक्काच्या नावाने. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये नेमलेल्या समितीच्या विषयांत शेती अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही होत्या, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झाले, जिथे कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सुट्या भागांचे दर आणि हमीच्या अटी प्रसिद्ध कराव्यात अशी अपेक्षा आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे या माहितीचे मोल वाढणार आहे. अशा गाडीत इंजिन ऑइल नाही, त्याचा फिल्टर नाही, बहुतेकींत क्लचही नाही, त्यामुळे नियमित सर्व्हिसिंगमधील फुगवट्याची बरीच जागा आपोआप नाहीशी होते. पण उच्च दाबाच्या बॅटरीतील आणि मोटर-नियंत्रकातील बिघाड बहुतांशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच वाचता येतो, आणि बॅटरीचा एखादा भाग दुरुस्त करण्याजोगा आहे की सबंध पॅक बदलायचा हे सांगणाराही तोच असतो ज्याला पॅक विकायचा आहे. बाहेरच्या मेकॅनिककडे त्या सॉफ्टवेअरचा परवाना नसतो आणि उच्च दाबावर सुरक्षित काम करण्याचे प्रशिक्षणही अजून मोजक्यांकडेच आहे. ती माहिती आणि साधने रास्त दरात खुली करण्याची सक्ती करणारा दुरुस्ती-हक्काचा स्वतंत्र कायदा भारतात अद्याप झालेला नाही. पोर्टलवर काय आणि किती टाकायचे हे तूर्त कंपन्यांच्या मर्जीवर आहे.